राज्य कोणाचे?

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा एक दोष चांगला ठाऊक आहे. घरातल्या प्रत्येक गोष्टीची सूत्रे आपल्या हातात असावीत, असे मला वाटते. दूध किती घ्यायचे, गच्चीवरची टाकी केव्हा धुवायची, नातवाने पोहायला कोणत्या वारी जायचे, हे सारे मला विचारून व्हावे अशी माझी अपेक्षा असते. आमच्या सौ. याला ‘लुडबूड’ म्हणतात. मी याला ‘नियंत्रण’ म्हणतो. शब्दाशब्दांत फरक असतो तो असा!

दोष माझा असला तरी त्याचे खापर थोडेसे माझ्या नोकरीवर फोडायला हरकत नाही. वीज खात्यात मी चौतीस वर्षे काढली. त्यांतली शेवटची काही वर्षे कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात गेली. नाव बोजड आहे, पण काम समजायला सोपे. राज्यात या क्षणी वीज किती लागते आहे आणि किती तयार होते आहे, याचा मेळ तिथे बसून घालायचा. समोर भिंतभर पडदा. त्यावर कोयना, चंद्रपूर, कोराडी अशी सगळी वीजकेंद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या. हाताशी टेलिफोन. तुम्ही सायंकाळी देवाजवळ दिवा लावून मग विजेचे बटण दाबता, ते त्या पडद्यावर दिसते. तुमचे एकट्याचे नव्हे हो, साऱ्या महाराष्ट्राचे मिळून!

त्या खोलीत बसणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात एक भ्रम होतो. आपण महाराष्ट्र चालवतो आहोत, असे त्याला वाटू लागते. बहुतेकांचा हा भ्रम सहा महिन्यांत उतरतो. माझा उतरायला निवृत्तीनंतर चार वर्षे लागली. त्याचीच ही हकिगत.

आमची आई इक्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला अधूनमधून चक्कर येऊ लागली, तेव्हा मी तिच्या प्रकृतीचा कारभार रीतसर हाती घेतला. शीतपेटीच्या दारावर तक्ता चिकटवला. कोणती गोळी कधी, रक्तदाब केव्हा मोजायचा, पथ्य काय. तक्त्याच्या तळाशी तांबड्या शाईत एक नियम लिहिला : ‘काहीही झाले तरी प्रथम मला फोन करावा. मला विचारल्याशिवाय काही करू नये.’ घरातल्या मंडळींच्या मोबाइलवरच्या गटाला चिरंजीवांनी थट्टेने ‘कंट्रोल रूम’ असे नाव दिले. खरे सांगायचे तर मी रागावलो नाही. मनातून सुखावलोच.

यंदाच्या ज्येष्ठातली गोष्ट. सौ. साताऱ्याला माहेरी गेल्या होत्या. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. मी एका व्याख्यानाला गेलो होतो आणि सभागृहातली सूचना वाचून, सुशिक्षित नागरिकाप्रमाणे, फोनचा आवाज बंद करून ठेवला होता. घरी आई आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंगलबाई अशा दोघीच.

आई स्वयंपाकघरात कोसळली. मिनिटभराने शुद्धीवर आली, पाणी प्याली, पुन्हा डोळे फिरवले. मंगलबाईंनी मला फोन लावला. मी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. असे नऊ वेळा. वीस मिनिटे ती माउली आईचे डोके मांडीवर घेऊन फोन करीत बसली होती. अखेर समोरच्या बिऱ्हाडातली कॉलेजात जाणारी मुलगी, दार उघडे का म्हणून डोकावली. तिने कोणालाही विचारले नाही. खाली धावत जाऊन रिक्षा आणली, दोघींनी मिळून आईला उचलले आणि पाच मिनिटांत जवळच्या इस्पितळात नेले.

मी टाळ्या वाजवून सभागृहाबाहेर आलो तेव्हा फोनवर नऊ हाका पडून राहिल्या होत्या.

इस्पितळात पोचलो तेव्हा मंगलबाई दाराशीच उभ्या होत्या. मी घाबरलेला होतो आणि घाबरलेला माणूस ओरडतो. “अहो, इतका वेळ थांबलात कशाला?”

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीच लिवलंय ना, इचारल्याबिगर काही करायचं नाही म्हणून?”

या वाक्यावर मला आजतागायत उत्तर सापडलेले नाही.

आईच्या नाडीचे ठोके मिनिटाला चौतीस पडत होते. तपासणाऱ्या डॉक्टर वयाने लहान, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी हृदयाचा आलेख मला दाखवला. डोंगर, मग सपाट रेघ, मग बऱ्याच वेळाने पुन्हा डोंगर. ती सपाट रेघ पाहून माझ्या पोटात गोळा आला. विजेच्या आलेखावर अशी रेघ दिसली की आम्ही टेलिफोनवर झडप घालत असू. इथे कोणाला फोन करणार?

“पेसमेकर बसवावा लागेल,” डॉक्टर म्हणाल्या.

मी लगेच मान डोलावली. पण आईने खाटेवरून हात वर केला. “मला नको.”

“का हो आजी?”

“इक्याऐंशी वर्षं माझ्या काळजानं माझं ऐकलं. आता त्याच्यावर यंत्राचं राज्य कशाला? घरात एक कंट्रोल रूम आहे तेवढी पुरे. छातीत आणखी एक नको.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी छताच्या पंख्याकडे पाहिले.

मग त्या बाई स्टूल ओढून आईजवळ बसल्या. बाहेर रुग्णांची रांग असताना त्यांनी दहा मिनिटे दिली. त्या दहा मिनिटांत मला जे कळले ते नोकरीच्या चौतीस वर्षांत कळले नव्हते.

“आजी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या काळजानं तुमचं कधीच ऐकलेलं नाही. ते कोणाचंच ऐकत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, जिथे मोठी नीला आत येते, तिथे पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. त्याला सायनस नोड म्हणतात. हृदयानं केव्हा ठोका द्यायचा ते तो ठरवतो. मेंदू नव्हे.”

“मग मेंदू काय करतो?”

“लगाम धरतो. तो पुंजका मोकळा सोडला तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. मेंदूच्या देठापासून व्हेगस नावाची एक नस हृदयापर्यंत येते. ती त्याला थोपवून सत्तरावर आणते. तुम्ही जिना चढलात की लगाम सैल होतो, दुसऱ्या नसा थोडी टाच मारतात. निजलात की लगाम पुन्हा ओढला जातो. पण घोडा आपल्याच पायांनी चालतो.”

वाचकहो, हे मी नंतर पडताळून पाहिले आणि त्याहूनही नवल वाटले. एकाचे हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवतात, तेव्हा मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या नसा कापलेल्या असतात. तरी ते हृदय नव्या घरी जाऊन चालू लागते, आणि लगाम नसल्यामुळे स्वस्थ बसल्या वेळीही जरा जलदच चालते. मेंदूसारखा सर्वांचा राजा, त्याची तारच तोडली तरी कारभार चालू! आम्हां निवृत्त अधिकाऱ्यांना विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

हा पुंजका सापडला त्याची कथाही मोठी गमतीची. इंग्लंडात आर्थर कीथ नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. १९०६ सालच्या उन्हाळ्यात ते केंट परगण्यातल्या आपल्या घरी राहत होते आणि मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी त्यांच्याकडे काम करीत होता. एके दिवशी कीथ पत्नीसह सायकलवर फेरफटका मारायला गेले. परत येऊन पाहतात तो फ्लॅकचा आनंद गगनात मावेना. मातीत बिळे करून राहणाऱ्या चिचुंद्रीसारख्या एका प्राण्याचे, ज्याला तिकडे मोल म्हणतात त्याचे, हृदय त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते आणि त्यात हा वेगळाच पुंजका त्याला दिसला होता. पुढच्या साली, १९०७ मध्ये, दोघांनी तो शोध प्रसिद्ध केला. गुरुजी बाहेर गेले असताना विद्यार्थ्याने कोणाला न विचारता पाहिले, म्हणून हृदयाचे नियंत्रण केंद्र सापडले! हा तपशील आमच्या घरच्या मंडळींना मी अजून सांगितलेला नाही. या अंकातच वाचतील.

“आणि तो पुंजका दमला तर?” आईने विचारले.

“तर खाली दुसरा आहे. वरचे आणि खालचे कप्पे जिथे मिळतात तिथे. तो मिनिटाला चाळीस ते साठ ठोके देऊ शकतो. तोही थकला तर खालच्या कप्प्यांचे तंतू स्वतःच वीस-चाळीस ठोके देतात. वरचा बोलतो आहे तोवर खालचे गप्प असतात. वरचा गप्प झाला की ते कोणाची वाट पाहत नाहीत.”

कोणाची वाट पाहत नाहीत! मला मंगलबाईंचा चेहरा आठवला.

“तुमचा वरचा आता दमला आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि खालच्यांना पुरेसं जमत नाही, म्हणून चक्कर येते. हे यंत्र काय करतं ते ऐका. ते आधी कान देतं. एका ठोक्यानंतर एक सेकंद थांबतं. तेवढ्यात तुमचा ठोका आला तर ते काही करत नाही. नाही आला, तरच हलकासा विजेचा धक्का देतं. तुम्हाला तो कळणारसुद्धा नाही. तुमचं काळीज नीट चालेल तेव्हा हे गप्प बसेल.”

आई थोडा वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे चुकलं तरच बोलणार. एरवी नुसतं बसून राहणार.”

“अगदी तसंच.”

“असं असेल तर बसवा,” आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून तिने पुढे जोडले, “ह्यालाही जवळ बसवून दाखवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेले. सारी भूल न देता केवळ गळपट्टीच्या हाडाखालचा भाग बधिर करून हे काम करतात. तिथे कातडीखाली ती डबी ठेवायची आणि नीलेतून एक तार हृदयापर्यंत सोडायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तासाभराचे काम. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाचा तास वेगळा असतो.

त्या बाकावर मी मोबाइलवर एक कथा वाचली. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाचा गृहस्थ होता. १९५८ साली तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि दिवसाकाठी वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत होता. शरीराच्या आत बसवता येईल असा पेसमेकर तेव्हा माणसाला कोणी बसवलेला नव्हता. त्याची पत्नी एल्से-मारी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंते रूने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली. तुम्ही बनवा आणि बसवा! एल्मक्विस्टांनी सुटे भाग जोडले आणि त्यांवर राळेसारखा रस ओतून वडी पाडली. साचा म्हणून वापरली बुटांच्या पॉलिशची डबी. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ती बसवली. काही तासांत बंद पडली! मग तयार ठेवलेली दुसरी बसवली. पुढे आयुष्यभर यंत्रे बदलत बदलत लार्सन जगला. एकूण सव्वीस पेसमेकर झाले. एल्मक्विस्ट १९९६ मध्ये गेले, सेनिंग २००० मध्ये गेले, आणि लार्सन २००१ साली शहाऐंशीव्या वर्षी गेला, तोही हृदयविकाराने नव्हे. ज्यांनी त्याला वाचवले त्या दोघांच्याही मागे तो उरला होता.

त्या पहिल्या यंत्राला कान नव्हते. हृदय ऐको वा न ऐको, ते आपले ठरल्या वेगाने ठोके देत राही. हृदयाने स्वतः ठोका दिला तरी याचा ठोका वर आहेच. ऐकून मग बोलणारे यंत्र त्यानंतर काही वर्षांनी, १९६० नंतरच्या दशकात आले. यंत्राला बोलायला शिकवणे सोपे होते. गप्प बसायला शिकवायला अधिक वेळ लागला.

आणि तिथेच त्या बाकावर बसल्या बसल्या मला माझी स्वतःची खोली पहिल्यांदा नीट दिसली.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही अवघड आहे. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की साऱ्या जनित्रांची गती किंचित मंदावते. आपल्या विजेची स्पंदने सेकंदाला पन्नास असायला हवीत, ती थोडी खाली उतरतात. हीच विजेची नाडी. ती ४९.९० आणि ५०.०५ यांच्या दरम्यान राहावी असा दंडक आहे. आता सांगा, नाडी मंदावली की पहिला उपाय कोण करतो? कळव्याच्या खोलीतला मी? छे! माझा हात टेलिफोनपर्यंत जायच्या आत प्रत्येक जनित्राजवळचे एक साधन, आपली गती घटली हे ओळखून, पाण्याचे किंवा वाफेचे दार आपणहून थोडे अधिक उघडते. त्या साधनाचे नाव गव्हर्नर. राजभवनातले नव्हेत! जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले, त्यांचेच हे वंशज. गती वाढली की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेचे दार मिटू लागे. गती घटली की गोळे खाली येत आणि दार उघडे. कोणाला विचारणे नाही, कोणाला फोन नाही.

मी जे करी ते त्यानंतरचे. आधार देऊन दमलेल्या जनित्रांना मोकळे करायचे, कोयनेला सांगून आणखी एक यंत्र सुरू करायचे, पुढच्या तासाची तयारी ठेवायची. व्हेगस नसेसारखे काम. महत्त्वाचे, पण घोड्याचे पाय माझे नव्हेत.

हे विसरले की काय होते तेही मी पाहिले आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ हे दोन दिवस वीज खात्यातला माणूस जन्मात विसरणार नाही. पहिल्या दिवशी उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही कोसळली. सुमारे साठ कोटी लोकवस्तीच्या मुलखात अंधार पडला, आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पश्चिमेचे जाळे तगले, म्हणून महाराष्ट्रात दिवे राहिले. पुढे चौकशी समिती बसली. वाहिन्यांवर क्षमतेबाहेर भार पडत होता, आणि नियंत्रण केंद्रांनी ‘भार कमी करा’ असे सांगूनही पुरेसे कोणी ऐकले नव्हते. पण त्याचबरोबर, जागच्या जागी आपोआप भार तोडणारे रिले आणि जनित्रांचे गव्हर्नर यांच्याकडून मिळायला हवी होती तेवढी मदतही मिळाली नव्हती. केंद्र जागे होते, बोलतही होते. पण काठावरचे हात हलले नाहीत, तर मधल्या तोंडाने कितीही सांगून काय उपयोग?

आमच्या घरी ज्येष्ठात नेमके हेच घडले. फरक एवढाच की आमच्याकडे हात हलायला तयार होते. त्यांना तांबड्या शाईने बांधून ठेवणारा मीच होतो.

‘गव्हर्नर’ या शब्दाचे मूळ शोधत गेले तर ते ग्रीक भाषेतल्या एका शब्दापर्यंत पोचते. त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने प्राणी आणि यंत्रे यांच्या नियंत्रणाचे शास्त्र एकच आहे असे मांडणारा ग्रंथ लिहिला, आणि त्या शास्त्राला त्याच ग्रीक शब्दावरून ‘सायबरनेटिक्स’ असे नाव दिले. हल्ली वर्तमानपत्रात रोज वाचतो तो ‘सायबर’ तिथूनच आला. सुकाणू धरणाऱ्याची उपमा मला फार पटली. कोकणात होडीतून गेलेल्यांनी तो पाहिलाच असेल. तो होडी ढकलत नाही. ढकलतात वारा आणि वल्ही. तो नुसता नाळेकडे पाहत बसतो, आणि होडी वाट सोडू लागली की हात किंचित वळवतो. पाहणे फार, वळवणे थोडे. सगळ्या वल्हवणाऱ्यांना ‘मला विचारल्याशिवाय वल्हे मारू नका’ असे तो म्हणाला, तर होडीचे काय होईल ते सांगायला ग्रीक भाषा यायला नको.

आईला बाहेर आणले तेव्हा ती जागी होती. नाडी साठ. मी मनगट धरून स्वतः मोजली. ही सवय एवढ्यात जायची नाही. “चाललंय का रे?” तिने विचारले. मी म्हटले, “चाललंय.” माझा आवाज नीट फुटला नाही. तिने हात दाबला.

घरी आल्यावर मी शीतपेटीवरचा तक्ता काढला. सगळाच नव्हे, गोळ्यांच्या वेळा ठेवल्या. तांबड्या नियमाच्या जागी नवा लिहिला : ‘काही झाल्यास प्रथम १०८ ला फोन. मग शेजारी हाक. मला सवडीने कळवावे.’ मंगलबाईंना मी तो वाचून दाखवला आणि म्हटले, “बाई, त्या दिवशी चूक माझी होती.” त्या म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ, आजी बऱ्या हायेत ना.” समोरच्या मुलीला काय द्यावे ते सुचेना. सौ.नी तिला साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे दिले आणि मला ‘तुम्ही मधे बोलू नका’ असे सांगितले. मी बोललो नाही.

हे लिहीत असताना आतून चकल्यांचा वास येतो आहे. भाजणी थोडी सैल झाली की काय, अशी मला दाट शंका आहे. सोऱ्यातून पडताना काटा नीट येत नाही, ते इथूनही कळते. आई पाटावर बसून सुनेला आणि नातसुनेला चकल्या घालताना पाहते आहे. पणतू तिच्या गळपट्टीखालच्या उंचवट्याला बोट लावून विचारतो आहे, “पणजी, आत्ता तुझं मशीन काय करतंय?”

“बसलंय,” आई म्हणाली. “चुकले तर बोलेल.”

चकली तेलात सोडल्याचा आवाज आला. उठून जावे असे फार वाटले. पण मी एक सेकंद थांबलो, आणि मग कोणीतरी आतल्या आत म्हणाले, “पीठ सैल वाटतंय, थोडी भाजणी घाल गं.”

मी खुर्चीतच बसून राहिलो. माझ्या सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.